आपापला दगड

"पाणी माणशी दोन बाटल्या," मी म्हणालो. "मुनीर, तू तीन घे. मागच्या वेळी तू माझी संपवली होतीस."

"लिहून ठेवा साहेब," मुनीर म्हणाला. "वहीत नसेल तर मला रविवारी तहानच लागायची नाही."

जयवंत हसला. आम्ही तिघं त्याच्या घरी, स्वयंपाकघराबाहेरच्या खोलीत जमिनीवर नकाशा पसरून बसलो होतो. मी संगमनेरच्या नगरपालिकेत आरेखक होतो. दिवसभर गटारांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढायचे आणि रविवारी डोंगर चढायचे, हा माझा क्रम. मुनीर तांबोळी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता आणि जयवंत देवकर दूध संघात. माझ्याकडे एक लांबट वही असायची. कुठली एस.टी., कुठे उतरायचं, किती वाजता माथा, किती वाजता परतीला लागायचं, सगळं तीत लिहिलेलं. मुनीर त्याला कारकुनी म्हणायचा. पण त्या वहीमुळे आमची परतीची गाडी कधी चुकली नव्हती, आणि मला त्याचा थोडा गर्वच होता.

या वेळचा डोंगर जयवंतनं सुचवला होता. राजूरच्या पलीकडचा, चार मोठ्या डोंगरांच्या मागे दडलेला. तिकडे कोणी जात नाही. वर किल्ला नाही, देऊळ नाही, नुसता गवताचा माथा.

"पावणेसहाची गाडी. साडेआठला फाटा, नऊला हिरड्याची वाडी. बाराला माथा. चारला खाली, पाचला फाट्यावर परतीची एस.टी."

"कुठला डोंगर म्हणालास रे, मोरेश्वर?" दारातून जयवंतच्या आईनं, काकूंनी विचारलं. त्यांच्या हातात भाकरीची टोपली होती.

"आडमाथा," मी म्हणालो.

काकू तशाच उभ्या राहिल्या. जयवंत नकाशाची घडी घालत म्हणाला, "आई, वाढ ना. भूक लागली."

त्यांनी पानं घेतली. आम्ही तिघं जेवणारे आणि ताटं चार. चौथं ताट भिंतीकडच्या पाटासमोर. त्यावर भाकरी, भाजी, कोपऱ्यात मीठ, शेजारी पाण्याचा तांब्या. वरून दुसरं ताट झाकलेलं. मी त्या घरात सहा वर्षं जेवत होतो आणि ते ताट सहा वर्षं पाहत होतो. जयवंतचे वडील शिक्षक होते, तो चार वर्षांचा असताना नोकरीच्या गावी गेले ते परत आले नाहीत, एवढंच मला माहीत होतं. काकू कुंकू लावायच्या. कुणी काही विचारत नसे, मीही विचारलं नाही.

निघताना काकूंनी मला अंगणात थांबवलं.

"तू सगळं लिहून ठेवतोस ना?"

"हो."

"मग हेही लिही. जितके नेशील तितके आण."

"आणीन, काकू."

"तितकेच आण," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मला ते बोलणं विचित्र वाटलं. पण आईचं काळीज, म्हणून मी सोडून दिलं.

*

सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता. हिरड्याची वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं, एक पत्र्याची शाळा आणि भातखाचरं. वाडी संपते तिथे वाटेच्या कडेला एक सपाट कातळ आहे आणि त्यावर जांभळाचं झाड वाकलेलं. आम्ही पुढे निघालो तसा मागून आवाज आला.

"थांबा रं! धोंडा नाय ठिवला."

सत्तरीची एक बाई हातात विळा घेऊन येत होती. ठकूबाई तिचं नाव. ती म्हणाली, आडमाथ्यावर जाणाऱ्यानं जाताना कातळावर एक दगड ठेवायचा आणि उतरताना उचलून वाटेखाली टाकायचा. दिवस मावळायच्या आत ती येऊन बघते. कातळावर दगड उरला तर माणूस वर राहिला असं समजायचं, आणि वाडीतले गडी शोधायला निघतात.

मला ही पद्धत फार आवडली. "हजेरीपुस्तकच की हे," मी म्हणालो.

"व्हय. पन आपापला धोंडा आपन वळखायचा. दुसऱ्याच्याला हात लावायचा नाय."

"लावला तर?" मुनीरनं विचारलं.

"लावायचाच नाय," ठकूबाई म्हणाली.

मी लालसर चपटा दगड घेतला. मुनीरनं एक टोकदार घेतला आणि त्याला "चल बेटा, बस इथं" म्हणून बसवला. जयवंतनं बराच वेळ शोधून एक पांढरट गारगोटी ठेवली. गुराखी त्या दिवशी पलीकडच्या अंगाला गेले होते. त्यामुळे कातळावर आमच्या तिघांखेरीज एकच दगड होता. नारळाएवढा, काळा, सगळ्या बाजूंनी शेवाळलेला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"गुरुजींचा," ठकूबाई म्हणाली. "साळंचे गुरुजी व्हते. आयतवारी वर गेले, आले नाय. आठ दिस हुडाकलं आमी. एकोनीस वर्सं झाली."

"मग दगड अजून ठेवलाय कशाला?"

"त्यांनी ठिवलाय. आमी कसा उचलायचा?"

मी जयवंतकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधत होता. मग ठकूबाईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि ती भाताच्या बांधावरून निघून गेली. मी वहीत लिहिलं: वर तीन. वेळ नऊ दहा.

*

चढण अवघड नव्हती. कारवीच्या रानातून वाट सरळ वर जाते. पिवळी सोनकी फुलली होती. तास-दीड तास मुनीरची टकळी चालू होती. मग तो गप्प झाला. मुनीर गप्प होणं ही नोंद करण्यासारखी गोष्ट होती.

"काय रे?"

"काही नाही राव. पाखरं कुठं गेली सगळी?"

खरंच, आवाज नव्हता. रातकिडा नाही, वारा नाही. आमच्या पायांखालचं गवत तेवढं वाजत होतं.

पावणेबाराला माथ्यावर पोचलो. माथा म्हणजे शाळेच्या पटांगणाएवढी गवताळ सपाटी, मधोमध दगडांची एक रास. आम्ही डबे सोडले. जयवंत खात नव्हता.

"मोऱ्या," तो म्हणाला, "ते गुरुजी म्हणजे माझे वडील."

मला कातळापाशीच अंदाज आला होता. तरी ऐकल्यावर मी डबा खाली ठेवला.

"आधी का नाही सांगितलंस? काकूंना माहीत होतं आपण इथे येणार ते?"

"तू नाव घेतलंस तेव्हा कळलं. तिनं मला अडवलं नाही." तो थोडा वेळ गवत उपटत राहिला. "एकोणीस वर्षं रोज ताट वाढते ती. तापानं फणफणली तरी उठून वाढते. सकाळी ते अन्न गाईला घालते. मला भाकरी देताना तिचं लक्ष त्या पाटाकडे असतं. मी मोठा झालो, नोकरीला लागलो, ते तिनं पाहिलं की नाही कोण जाणे."

"अरे, असं का बोलतोस?"

"खरं ते बोलतो. मला तिचा राग नाही. तिला एकदा पोटभर जेवलेलं बघायचंय मला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. सह्याद्रीत ते येतंच, पाच मिनिटांत पुढचा माणूस दिसत नाही. मी ओरडून सांगितलं, "जागचे हलू नका." मुनीर माझ्या डावीकडे होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. जयवंत उजवीकडे.

मग तो आवाज आला. एका पुरुषाचा, स्वच्छ, जरा अनुनासिक. नावं घेत होता. "भिवा सोमा. गंगाराम लक्ष्मण. चिंधू राघू." प्रत्येक नावानंतर उत्तराला द्यावा तेवढा वेळ. कोणीच उत्तर देत नव्हतं, आणि तो पुढचं नाव घेत होता.

"शाळेतली हजेरी," मुनीर कुजबुजला. "वाडीतला आवाज वर येतो राव, दरीमुळे."

मला बरं वाटलं. कारण सापडलं की मला नेहमीच बरं वाटतं. मग मुनीरच म्हणाला, "आज रविवार ना?"

आवाज थांबला. जरा वेळानं एकच नाव आलं, बाकीच्यांपेक्षा हळू. "जयवंत विष्णू."

"हजर," माझ्या उजवीकडून जयवंत म्हणाला.

मी त्या बाजूला हात घातला तर नुसतं ओलं गवत लागलं. मी त्याला हाका मारल्या, मुनीरनंही मारल्या. ती वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. तितके आण, तितकेच आण, हे माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. धुकं विरलं तेव्हा जयवंत दगडांच्या राशीपाशी पाठमोरा बसलेला होता. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला आणि रागानं दोन शिव्या हासडल्या.

"चला," तो म्हणाला. "उतरायला हवं."

उतरताना तो पुढे आणि आम्ही मागे. तो शब्द बोलला नाही. मला वाटलं, वडिलांची जागा पाहिली, मन भरून आलं असेल. कातळापाशी पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. मी माझा लाल दगड उचलून वाटेखाली टाकला. मुनीरनं टोकदार टाकला. माझी बुटात गेलेला खडा काढायची खटपट चालली होती, तेवढ्यात जयवंत वाकून उठलेला दिसला. कातळावर एक दगड शिल्लक होता. चारातून तीन गेले, एक उरला. मी घड्याळ पाहून वहीत लिहिलं: खाली तीन.

कुठले तीन, ते मी पाहिलं नाही. माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

"सावकाश," पुढून जयवंत म्हणाला. "इथं शेवाळ आहे. पाय घसरेल तुमचा."

"तुमचा?" मुनीर हसला. "आज साहेबांना बढती मिळाली."

जयवंत हसला नाही. फाट्याकडे जायचं सोडून तो घरांमधल्या एका बोळात शिरला आणि सरळ शाळेकडे निघाला. रुळाचा तुकडा घंटा म्हणून टांगला होता, त्याची तिरकी झालेली तार त्यानं सरळ केली. खिडकीतून आत पाहिलं. "फळा पुसायचा राहिला," असं काहीसं पुटपुटला. ठकूबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन समोरून येत होती. त्याला पाहताच तिनं भारा टाकला आणि वाटेतून बाजूला झाली.

"बरी आहेस ना, ठकू?" जयवंत म्हणाला. "तुझ्या भिवाला शाळेत पाठव उद्या."

ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. मी मुनीरचा हात धरून चालू लागलो. मला भीती वाटत होती आणि तिचं कारण मला शोधायचं नव्हतं.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून बाहेर पाहत होता. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. आठाच्या सुमारास आम्ही त्याच्या दारात पोचलो. काकूंनी दार उघडलं. मी काहीतरी हसून बोलणार होतो, तितके आणले म्हणून.

"इंदू," तो म्हणाला, "फार उशीर झाला गं."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. एका हातानं डोक्यावर पदर घेतला. मी त्यांना डोक्यावर पदर घेताना कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी तापवते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू जा आता."

*

पुढचे आठ दिवस मी रोज त्यांच्या दारावरून गेलो. जयवंत दूध संघात जात नव्हता. ओटीवर गल्लीतली पोरं जमवून पाढे म्हणवून घेत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला. "या. तुम्ही जयवंतचे मित्र ना?"

त्याच्या चेहऱ्यात काही बदल नव्हता. तोच तीळ, तीच भुवईवरची खूण, जी माझ्या सायकलवरून पडून झाली होती. मी घरी येऊन ढसाढसा रडलो.

पुढच्या रविवारी मी एकटा हिरड्याच्या वाडीला गेलो. मुनीरला विचारलं होतं. तो म्हणाला, "तीन गेले, तीन आले. मला पुढचं विचारू नकोस."

कातळावर पांढरट गारगोटी होती. काळा दगड नव्हता. त्याच्या जागी ओला गोल डाग होता.

ठकूबाई माझी वाट बघत असल्यासारखी जांभळाखाली बसली होती.

"तुमी हुतात ना त्याच्यासंगं? बगितलं नाय?"

"नाही बघितलं."

"पोरगं सरावनात एकटंच आलं व्हतं. इचारलं, दुसऱ्याचा धोंडा उचलला तर काय व्हतं? म्या म्हातारी, बोलून गेले. ज्याचा धोंडा उचलावा त्यो खाली येतो. ज्याचा ऱ्हातो त्यो वर ऱ्हातो. म्हंजी मला काय ठावं, ह्यो त्यांचाच पोरगा." ती रडायला लागली. "तवा मला वळखू नाय आलं. आयतवारी कातळापाशी बगितला तवा वळखला, पन तुमी सोबत हुतात. म्हनलं, शहानी मानसं हायेत."

म्हणजे मी वहीत एस.टी.च्या वेळा लिहीत होतो तेव्हा त्याचा बेत केव्हाच ठरला होता. माझी वही त्यानं फक्त तिथवर पोचायला वापरली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"त्यो काळा धोंडा आना. जागेवर ठिवा. मंग ह्यो उचलू."

"आणि तो नाही मिळाला तर?"

ठकूबाईनं दुसरा मार्ग सांगितला. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी थेट काकूंकडे गेलो. फाट्यावर ट्रक मिळाला, पोचलो तेव्हा दुपारच होती. ओटीवर पोरं एकोणीसचा पाढा म्हणत होती. आत काकू चुलीपुढे होत्या. केसांत अबोली माळलेली होती. मांडलेली ताटं दोनच होती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत ऐकत राहिल्या, एकदाही थांबल्या नाहीत.

"तो दगड द्या काकू. जयवंतनं आणला होता पिशवीतून. मी आजच्या आज घेऊन जातो."

"नाही तो."

"कुठे आहे?"

"सोमवारी पहाटे प्रवरेत सोडला. पुलाखालच्या डोहात."

मला वाटलं त्यांना माहीत नसेल. "काकू, अहो, जयवंत..."

"मला कळत नाही असं वाटतं तुला?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते. "माझ्या पोटचा होता तो. दारात पाऊल ठेवलं तेव्हाच कळलं मला. रात्रभर तो दगड मांडीवर घेऊन बसले. परत न्यायचा की नाही, परत न्यायचा की नाही. पहाटे हे उठले आणि म्हणाले, इंदू, भूक लागली." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "ताटातलं सगळं संपवलं रे त्यांनी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा."

"आणि जयवंत?"

"तू म्हणाला होतास, जितके नेईन तितकेच आणीन. आणलेस की. माझी तुझ्यावर तक्रार नाही."

ओटीवरचा पाढा संपला. काकूंनी ताट उचललं आणि माझ्या अंगाला पदरही लागू न देता बाहेर गेल्या.

*

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. काकू गेल्या, सवाष्ण गेल्या. गुरुजी अजून आहेत. जयवंतच्या देहाचं वय एकोणसाठ, आणि गल्लीतले सगळे त्यांना देवकर सरच म्हणतात. मुनीर नगरला बदलून गेला. ठकूबाईच्या जागी आता तिची नात कातळ बघते.

तुमचा यावर विश्वास आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी नाही म्हणतो. मी नकाशे काढणारा माणूस. पण विश्वास नसेल तर एक साधी गोष्ट मी का करत नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ठकूबाईनं सांगितलेला दुसरा मार्ग मी काकूंना सांगितला नव्हता. कुणालाच नाही. कोणीही आपला दगड ठेवावा, वर जाऊन यावं, आणि उतरताना आपला सोडून ती गारगोटी उचलावी. एवढंच.

दर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी आडमाथ्यावर जातो. पावणेसहाची गाडी, नऊला वाडी. गुडघे कुरकुरतात, म्हणून माथा आता एक वाजता येतो. वर धुकं येतं. कधी त्यात हजेरी चालू असते. आता आवाज तरुण आहे, आणि तो मी चांगला ओळखतो. तो एकच नाव घेतो, उत्तराला वेळ देतो, आणि पुन्हा तेच नाव घेतो. मोऱ्या म्हणत नाही. पूर्ण नाव घेतो, वडिलांचं धरून.

मी गप्प राहतो. खाली येतो. कातळावर दोन दगड असतात, माझा आणि त्याचा. गारगोटीवर शेवाळ चढून ती हिरवी झाली आहे. मी वाकतो, तिच्यावर हात ठेवतो आणि बराच वेळ तसाच राहतो. माझी बायको रविवारी पिठलं करते. नातू दारात उभा असतो. मला लाज वाटते, फार लाज वाटते.

या वर्षीही मी माझाच दगड उचलला. पाचची एस.टी. मिळाली.